साहेबाच्या माशांचं पाणी

आमच्या घरात मासे आले ते हमालांच्या खांद्यावरून. लोखंडी चौकटीची काचेची एक लांबट पेटी हमालांनी उचललेली, आणि त्यांच्या मागून फडकं बांधलेली बादली दोन्ही हातांनी छातीशी धरून माझे वडील. बादलीत पाच सोनेरी मासे होते. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा बंद असायचा, त्यामुळे चाळीतल्या बायका ओट्यावर आल्या नसत्या तरच नवल. "काय हो, आता एवढंच राहिलं होतं का?" असं एकीनं विचारलंच. वडिलांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. बादली हिंदकळू नये एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

मासे साहेबाचे होते. वडील लोणावळ्याला रेल्वेच्या कचेरीत कारकून होते, आणि घाटातल्या पुलांचं आणि बोगद्यांचं काम पाहणारा एक गोरा साहेब त्यांचा वरिष्ठ होता. तो लांबलचक रजा घेऊन विलायतेला निघाला होता, दिवाळीनंतर परत येणार होता. बंगल्यावरच्या माळ्यावर त्याचा भरवसा नव्हता. त्यानं वडिलांना विचारलं, मासे सांभाळाल का? वडील 'यस सर' म्हणाले. साहेबाला दुसरं काही म्हणायची त्यांना सवयच नव्हती. मग साहेबानं भराभर सूचना दिल्या. दर आठवड्याला थोडं पाणी काढा, तेवढंच नवं घाला, खायला चिमटीभर द्या, जास्त देऊ नका. वडिलांनी त्यातलं जेवढं कळलं तेवढं घरी येऊन आम्हाला सांगितलं. जे कळलं नव्हतं ते विचारायची सोय नव्हती, कारण तोवर साहेब बोटीवर चढला होता.

आता कुणी म्हणेल, पाच मासे सांभाळायचे, त्यात घाबरण्यासारखं काय? आम्हाला होतं. लोणावळ्याच्या आधी आम्ही भुसावळला होतो. तिथे माझ्या पाठची दोन भावंडं गेली. एक पाळण्यात असताना, दुसरं जन्मल्या जन्मल्या. तिथल्या उन्हानं गेली असं सगळे म्हणत, आणि आईही तेच म्हणे. वडिलांनी नाकदुऱ्या काढून ही थंड हवेची जागा मिळवली, आणि इथे आल्यावर आईला पुन्हा दिवस गेले. नेमक्या त्याच वर्षी कचेरीत कुजबुज सुरू झाली की काही कारकुनांना परत भुसावळला धाडणार. वडिलांनी साहेबापाशी विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "मी परत आल्यावर बघू." बस, एवढंच म्हणाला. पण त्याच दिवशी त्यानं माशांचं विचारलं होतं. वडिलांनी या दोन गोष्टींची अशी पक्की गाठ मारली की ती कुणाला सोडवता येईना. मासे जगले तर आपण इथे, मेले तर भुसावळ. साहेबाच्या मनात असं काही होतं का, हे त्यांनी एकदाही स्वतःला विचारलं नाही. मला त्यांचा याबद्दल अजून राग येतो. सगळ्या घराचा जीव टांगणीला लावायचा तर निदान खुंटी तरी खरी असावी.

मी तेव्हा मराठी सातवीत होते, आणि घरातली जी कामं कुणाचीच नसतात ती माझी असत. त्यामुळे पेटीही माझ्याकडे आली. पुढच्या पडवीत खिडकीशी भरपूर उजेड होता, तिथे आम्ही ती मांडली. माशांना ऊन बरं वाटेल असं वडिलांना वाटलं. बुडाशी रेती, रेतीत साहेबानं दिलेल्या दोन-तीन पाणवेली, आणि काचेला चिकटून हळूहळू सरकणाऱ्या काही गोगलगाई. पहिले काही दिवस पेटी खरोखर सुंदर दिसायची. शाळेतून आले की दप्तर न ठेवताच मी तिच्यापुढे बसायची.

मग पाणी हिरवं व्हायला लागलं. आधी काचेवर पुसट हिरवी झाक आली. मी ती काथ्यानं घासून काढली, तर दुसऱ्या दिवशी परत हजर. वैशाखातलं ऊन थेट पेटीवर पडत होतं, त्यामुळे शेवाळ वाढणारच, हे आज मला कळतं. तेव्हा आम्हाला ती घाण वाटली. पाहता पाहता पाणी पालकाच्या पातळ भाजीसारखं झालं आणि आत मासे आहेत की नाहीत तेच दिसेना. वडील दुपारी जेवायला आले की टोपीसुद्धा न काढता काचेला डोळे लावून उभे राहत आणि पाचही शेपट्या एकेक करून दिसेपर्यंत हलत नसत. एखादी दिसली नाही की, "पोरी, तो काळ्या ठिपक्याचा कुठं आहे? कालपासून दिसला का तुला?" मग मी काठीनं वेली बाजूला करायची. तोवर आईचं वाढलेलं ताट निवून जायचं.

भांडी घासायला जवळच्या तुंगार्ली गावची एक मावशी यायची. तिला हा सगळा प्रकार म्हणजे करमणूक होती. "आवं वैनी, आमच्या तळ्याला मासं लय हायती. ह्यास्नी कशापायी जपताय? सायबाचं हाय म्हून व्हय? द्या सोडून तळ्यात. सायेब इचारल तवा सांगा, पळालं!" ती स्वतःच पोट धरून हसायची. आईला मात्र हसू यायचं नाही. सकाळी उठल्यापासून तिला उलट्या होत, पाण्याला येणारा तो ओलसर वास तिला सोसत नसे, आणि तरी ती दर थोड्या वेळानं पडवीत येऊन पेटीत डोकावून जाई.

शेवटी पाण्याचं काम तिनंच हातात घेतलं. तिचं म्हणणं साधं होतं. दुसऱ्याचा जीव आपल्या घरी सांभाळायला आलाय, त्याला नळाचं कसलंही पाणी घालायचं नाही, घरातलं सगळ्यात चांगलं पाणी घालायचं. आणि घरातलं सगळ्यात चांगलं पाणी म्हणजे तिच्या माहेरच्या तांब्याच्या घागरीतलं. ती घागर तिच्या लग्नात आली होती. रोज संध्याकाळी चिंचेनं आणि राखेनं घासून ती अशी लखलखीत करायची की तिच्यात तोंड पाहावं. मग तिच्यात पाणी गाळून भरायचं, आणि सकाळी आधी देवाला, मग आम्हाला. भुसावळला तापून तापून सगळं घर कावायचं तेव्हाही तिनं हा नेम मोडला नव्हता. आता देवापाठोपाठ माशांचा नंबर लागला. साहेबानं आठवड्याला थोडं पाणी सांगितलं होतं. आईला वाटलं, चांगली गोष्ट रोज केली तर बिघडलं कुठं? रोज सकाळी पूजा झाली की ती पेटीतलं तांब्याभर पाणी काढून तुळशीला घाली आणि घागरीतलं तांब्याभर पेटीत सोडी.

आणि काय सांगू, पाणी निवळलं. खरंच निवळलं. आधी काचेवरचं शेवाळ पिवळट पडून आपोआप सुटलं, मग पाण्याचा हिरवेपणा ओसरत गेला, आणि एका सकाळी पाहते तो पेटी आरपार स्वच्छ. बुडाशी पडलेला खडान्‌खडा मोजून घ्यावा. वडील इतके खूश झाले की त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून पेटी दाखवली. "तांब्याचं पाणी हो, दुसरं काही नाही!" ज्या बाईनं पहिल्या दिवशी टोमणा मारला होता ती म्हणाली, "वहिनींच्या हाताला गुण आहे." आई लाजली. कित्येक दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर रंग पाहिला आणि मला फार बरं वाटलं.

त्याच आठवड्यात गोगलगाई काचेवरून खाली पडल्या. मला वाटलं झोपल्या असतील. एक उचलून नाकाशी नेली आणि टाकूनच दिली, इतका घाण वास. गोगलगाईंचं कुणाला काय वाटणार? साहेबही त्या मोजून गेला नव्हता. मग वेलींची पानं मऊ पडून सुटायला लागली. तेव्हा मात्र वडिलांच्या कपाळाला आठी पडली. आईनं त्यावर उपाय काय केला असेल? एकाऐवजी दोन तांबे पाणी.

आषाढ लागला आणि नळाला तुंगार्लीच्या तळ्याचं पाणी गढूळ यायला लागलं. त्यामुळे घागरीतल्या निवळलेल्या पाण्याचा मान आणखीच वाढला. बाहेर धुकं असं की पडवीतून समोरची वाट दिसू नये, कपडे वाळेनात, भिंतींना ओल, आणि घरात एकच गोष्ट काय ती नितळ: माशांचं पाणी. त्या नितळ पाण्यात मासे वर येऊन तोंड उघडमीट करत होते. पंख अंगाशी चिकटवून कडेला गप्प राहायचे. टाकलेल्या कणकेकडे बघतसुद्धा नव्हते. मग पहिला मेला. तो पोट वर करून तरंगताना मीच पाहिला. वडिलांना कोण सांगणार? मी आईला सांगितलं. ती एका हातानं पोट धरून तिथेच खाली बसली. ते पाहिल्यापासून माझ्या मनानं जे घेतलं ते कुणालाही सांगण्यासारखं नव्हतं. वडिलांनी मासे आणि बदली यांची गाठ मारली होती. मी मासे आणि आईचं पोट यांची मारली. सकाळी डोळे उघडले की मी आधी पेटीकडे पळायची आणि तिथून थेट स्वयंपाकघरात, आई नेहमीसारखी चालतेय ना ते पाहायला. त्या पावसाळ्यात माझं शाळेत लक्ष नव्हतं, जेवणात नव्हतं, कशातच नव्हतं.

काही दिवसांनी दुसरा गेला आणि लागोपाठ तिसरा. काळ्या ठिपक्याचा होता तो एका अंगावर कलून पोहायला लागला. हाही जाणार हे दिसतच होतं. आईच्या डोळ्यांसमोर आणखी एक नको, एवढाच विचार करून मी त्याला ओंजळीत उचललं आणि मागच्या दारी नेलं. तिथे पागोळ्यांखाली भांडी घासण्यासाठी बादली लावलेली असे. त्या बादलीतलं पावसाचं पाणी एका काचेच्या बरणीत घेतलं, मासा त्यात सोडला आणि बरणी जळणाच्या फळीवर ठेवली. मरायचं तर तिथे मरू दे, अशा हिशेबानं. ते पाणी कौलांवरून वाहून आलेलं, त्यात काडीकचरा. आईला दाखवलं असतं तर तिनं पाय धुवायलाही घेतलं नसतं.

दुसऱ्या दिवशी तो सरळ पोहत होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं कणीक खाल्ली. मी बरणीपुढे उकिडवी बसून राहिले. आनंद होतोय म्हणावं तर होत नव्हता. पुढच्या पडवीत चांगल्या पाण्यातला शेवटचा मासा धापा टाकत होता, आणि मागच्या दारी घाणेरड्या पाण्यातला हा मजेत फिरत होता. याचा अर्थ काय? मी वडिलांना हळूच मागच्या दारी नेऊन बरणी दाखवली. त्यांनी मला एकच विचारलं, "यात घागरीतलं पाणी अजिबात घातलं नाहीस? नक्की?" मग ते स्वतः जाऊन पेटीतला उरलेला मासा घेऊन आले आणि दोघांना एकाच बरणीत सोडलं. तोही वाचला.

वडिलांनी पेटीतल्या पाण्याची बाटली भरून घेतली आणि रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना जाऊन दाखवली. परत आले ते उड्या मारायचेच बाकी होते. छत्री मिटायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. "तांबं! अगं, तांबं उतरलंय पाण्यात! चिंचेनं घासलेल्या घागरीत रात्रभर पाणी राहिलं की उतरतं म्हणे. आणि इथलं पाणी हलकं, त्यात तर फारच. त्यानंच शेवाळ मेलं, त्यानंच गोगलगाई, आणि त्यानंच मासे. आपण समजत होतो पाणी स्वच्छ होतंय, आणि ते सगळं मारत सुटलं होतं!" कोडं सुटल्याच्या आनंदात ते आमच्याकडे बघतच नव्हते. आई चुलीपाशी घागर घासत बसली होती. तिचा चिंचेचा हात थांबलेला मला दिसला. त्यांचं तोंड दाबून धरावं असं मला झालं.

"आणि माणसांना?" आईनं विचारलं.

"माणसांना काय होतंय? पिढ्यान्‌पिढ्या पितायत."

"पोटातल्यांना?"

वडिलांना तेव्हा कळलं. छत्रीचं पाणी घरभर ठिबकत होतं आणि ते तसेच उभे राहिले. भुसावळलाही हीच घागर होती, हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं.

पुढचे कितीतरी दिवस वडील तिची समजूत घालत होते. इतक्या मऊपणानं ते कधीच कुणाशी बोलले नव्हते. "अगं, तिथलं पाणी जड होतं. आठवतं ना, डाळ शिजता शिजायची नाही? साबणाला फेस यायचा नाही, भांड्यांना पांढरी खर धरायची? तसल्या पाण्याला तांबं लागत नाही, डॉक्टर सांगत होते. इथे बघ, डाळ कशी चुटकीसरशी शिजते. हे पाणी निराळं, ते पाणी निराळं." आई म्हणायची, "हो, डाळ शिजत नव्हती खरी." शेवटी डॉक्टरांनाच चहाला बोलावून आणलं. त्यांनी सांगितलं, "वहिनी, मी स्वतः घरी तांब्यातलंच पाणी पितो. मासा तो मासा, माणूस तो माणूस. तुमची मुलं त्यानं गेली नाहीत." आईनं मान डोलावली आणि त्यांना आणखी एक लाडू वाढला. दुसऱ्या दिवशी तिनं घागर पुसून कोरडी केली, धडप्यात बांधली आणि माळ्यावर ठेवायला माझ्या हातात दिली. मावशीकरवी कुंभाराकडून एक माठ आणवला. मावशीला नवल वाटलं. "आवं, माहेरची घागर टाकून माती कशाला वो?" आई म्हणाली, "गार राहतं पाणी." लोणावळ्याच्या पावसात गार पाणी कुणाला हवं होतं!

पेटी आम्ही खिडकीपासून हलवली, वेली नव्या लावल्या, आणि ती पावसाच्या पाण्यानं भरली. काचेवर पुन्हा थोडंथोडं शेवाळ धरलं. या खेपेला कुणीच ते घासलं नाही. उलट ते हिरवं दिसलं की मला धीर यायचा. आईचे दिवस भरत आले तशी ती बोलेनाशी झाली. उठताबसता पोटावर हात ठेवायची, आतलं हललं की नाही याचा कानोसा घ्यायची, आणि मी तिचा चेहरा पाहून हललं की नाही ते ओळखायची. मासे मरताना जी भीती होती ती काहीच नव्हती, इतकी भीती आता घरात होती. वडील तर बदलीचं पार विसरून गेले होते.

दिवाळीनंतर साहेब आला. वडिलांना वाटलं होतं, पाचातले तीन गेले हे ऐकून तो फाडून खाईल. पेटी बंगल्यावर पोचवली तेव्हा साहेब तिच्यासमोर वाकला आणि म्हणाला, "दोन आहेत? फारच छान. माझे पावसाळ्यात सगळेच मरतात, दरवर्षी नवे आणतो." वडिलांनी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. त्या वर्षी आमची बदली झाली नाही. माशांमुळे नव्हे, हे सांगायलाच नको. मार्गशीर्षात माझा भाऊ झाला. चांगला रडका, धडधाकट. आज तो माझ्यापेक्षा जास्त बडबड करतो.

घागर मात्र माळ्यावरून उतरली नाही. युद्ध लागलं तेव्हा मोडीला चांगला भाव होता, तरी आईनं ती विकली नाही, वापरलीही नाही. पुढे मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले. वडील तोवर तळेगावला येऊन राहिले होते. तिथलं पाणी तांब्यातच ठेवावं असं तिथले सगळे म्हणत. माझ्या खाटेशी आईनं नवा माठ मांडून ठेवला होता, वर घट्ट बसणारं झाकण. मला हसू आलं. इतक्या वर्षांनी म्हणजे गंमतच वाटली मला. मी म्हटलं, "आई, अगं डॉक्टरांनी समोर बसून सांगितलं होतं ना तुला? पटलं नव्हतं का?"

ती माझ्या वेणीचा पेड सोडवत होती.

"पटलं होतं की," ती म्हणाली. "तेव्हाच पटलं होतं. पण तू पाणी याच्यातलंच पी हं."